कार्ड पंच केल्यावर

अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या कारखान्यात ऐंशीच्या दशकात एक चिनी कामगार होता. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणांत मी त्याला वर्षानुवर्षं कामचुकार म्हणून रंगवलं आणि हशा मिळवला. ते आता दुरुस्त करायला हवं.

शिफ्ट संपली की तो कार्ड पंच करायचा आणि बाकावर बसून काचेच्या बरणीतला चहा पीत बसची वाट बघायचा. आम्ही देशी इंजिनिअर कार्ड पंच करून पुन्हा आत जायचो, साहेबाला दिसावं म्हणून.

एकदा त्याने विचारलं, “काम संपलं, आता मी कामावर नाही, हे इंग्रजीत कसं सांगतात?”

“ऑफ ड्यूटी,” मी तोऱ्यात शिकवलं. बरणी पुसत तो ते घोकत राहिला.

त्याच आठवड्यात शिफ्टनंतर साहेबाने त्याला एक जड खोकं आत न्यायला सांगितलं.

“सॉरी, ऑफ ड्यूटी,” तो हसून म्हणाला.

याची नोकरी गेली, असं मला वाटलं. पण साहेब “ओके, सी यू टुमॉरो” म्हणाला आणि माझ्याकडे वळला. त्या संध्याकाळी माझ्या मुलाचं शाळेत नाटक होतं. तरी टाय खांद्यावर टाकून मी खोकं उचललं.

“इंग्रजी कुठे शिकलात?” चिनी माणसाने विचारलं.

“पुण्याला, शाळेत.”

“हं. नुसतं वाचायला,” तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.

मी पोचलो तेव्हा नाटक संपलं होतं आणि मुलगा पुठ्ठ्याचा मुकुट घेऊन पायरीवर बसला होता. मंडळात किस्सा सांगताना एवढं मी नेहमी गाळलं.