कोपीवरची ताडपत्री आणि होडीचं शीड

मंडळी, आज आमच्या धरणावर शिडाच्या छोट्या होड्यांची शर्यत होती. मीही उतरलो होतो आणि आई पहिल्यांदाच तेलगावहून बघायला आलेली.

परतीला वारा पाठीमागून होता आणि मधूनच जोराचे झोत यायचे. घाबरून मी शिडाचा दोर सैल सोडला. शीड पुढं पसरलं आणि होडी दोन्ही बाजूंना हेलकावायला लागली. आता आईसमोरच उलटतोय, असं वाटलं.

आणि लहानपणची ऊसतोडीवरची आमची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, आठवली. वारं सुटलं की आई आणि मी वरच्या ताडपत्रीची एकेक दोरी धरून बसायचो. मी भिऊन सोडायला लागलो की ती म्हणायची, "सैल सोडली की लई फडफडती. जरा वढून धर."

मी दोर हातभर ओढला. शीड खाली दाबणारी दोरीही ताणली. होडी शांत झाली. चौथा आलो.

तुमच्या हातांना लहानपणचं काय अजून आठवतं?

आणि हो, काठाला लागलो तेव्हा आई माझे लाल तळवे बघून म्हणाली, "आजून ताडपत्रीच धरतो व्हय रं?"