धाकटीने हात खाली घेतले

माझी धाकटी बहीण संसदेत दुभाषी आहे. सभागृहात जे बोललं जातं ते ती खुणांच्या भाषेत सांगते. अध्यक्षांच्या डाव्या बाजूला उभी असते, साधा काळा पोशाख घालून, म्हणजे हात उठून दिसावेत. ही भाषा शिकायला तिला कुठे जावं लागलं नाही. आमचे बाबा जन्मापासून बहिरे. आम्ही दोघी बोलायच्या आधी खुणा करायला शिकलो. पुढे तिच्या हातांत जादू आली आणि माझं सगळं जिभेवर गेलं.

घरी ती गरीब गाय. भाजीवालीने सडके टोमॅटो गळ्यात मारले तरी निमूट घेऊन येते, मग भांडायला मी. पण तिथे उभी राहिली की मी बघतच राहते. एखादा खासदार चिडला की तिच्या भुवया चिडतात, खांदे चिडतात. कुणी कुणाला चोर म्हटलं तर तेही ती जसंच्या तसं दाखवते, गुळमुळीत करत नाही. "शिवी गाळली तर भांडण कशावरून पेटलं ते लोकांना कळणार कसं?" म्हणते.

त्या दिवशी विधेयक आमच्या घरचंच म्हणायचं. प्रत्येक दवाखान्यात खुणांची भाषा येणारा माणूस ठेवावा, असं. आईच्या आजारपणात आम्ही दोघी परगावी होतो. डॉक्टर बाबांसमोर बोलत राहिले आणि बाबा बिचारे मान डोलवत राहिले. आई कशाने गेली हे त्यांना नीट कळलंच नाही. म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर वरच्या गॅलरीत येऊन बसले होते. गॅलरी त्यांच्यासारख्याच बहिऱ्या माणसांनी भरली होती. आपल्याबद्दल काय बोलतात ते एकदा तरी अथपासून इतिपर्यंत कळावं, एवढीच त्यांची इच्छा.

सुरुवातीला बरं चाललं. मग जाड चष्म्याच्या एका खासदाराने विरोध करत खर्चाचा मुद्दा काढला, आणि मागून कुणीतरी त्याचा बाप काढला. झालं! सगळे एकदम उठले. कोण कुणाला काय म्हणतंय ते मला कान असून कळेना. धाकटीने थोडा वेळ प्रयत्न केला, मग दोन्ही हात खाली घेऊन स्तब्ध उभी राहिली. दुभाष्यांच्या कामाचा नियमच आहे तो. अनेक जण एकदम बोलू लागले, तर अंदाजाने काही सांगायचं नाही.

बाबांनी वरून खूण केली, "काय म्हणतायत?"

धाकटीने खालून खुणेनेच सांगितलं, "सगळे एकदम बोलतायत."

"आपल्याबद्दल?"

तिने एकदा सभागृहावर नजर टाकली. मग तिने नकारार्थी मान हलवली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा हात दाबला आणि स्वतः उभे राहिले. गॅलरीत उभं राहायला मनाई असते. पण त्यांच्या मागोमाग शेजारचे उभे राहिले, मग मागचे, मग सगळेच. हात खाली, धाकटीसारखे. पहारेकरी धावत आला आणि कुणाला बसवावं ते न सुचून तिथेच थांबला. ज्याची नजर वर गेली तो खासदार गप्प होत गेला. अध्यक्षांनी घसा कोरडा पडेस्तोवर सांगून जे झालं नव्हतं, ते डोळ्यांदेखत झालं.

अध्यक्षांनी धाकटीला विचारलं, "तुम्ही का थांबलात?"

सभागृहात ती स्वतःचं असं काही बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "मला एका वेळी एकच माणूस होता येतं, अध्यक्ष महोदय."

चष्मेवाल्याला पुन्हा बोलायला सांगितलं. तो एक वाक्य बोलायचा, तिच्या हातांकडे बघायचा, ते थांबले की पुढचं. मग बाकीचेही तसेच बोलू लागले. बाप काढणाऱ्यालाही थांबून थांबून शिव्या देणं काही जमेना, शेवटी तो मुद्द्याचं बोलला.

विधेयक थोडक्या मतांनी पडलं. मी चष्मेवाल्याच्या नावाने बोटं मोडत जिना उतरले. तो खाली बाहेरच्या वऱ्हांड्यातच बाकावर फाईल घेऊन बसला होता. बाबा सरळ त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता बाबा त्याच्यापुढे हात जोडणार.

बाबांचे हात हलू लागले, धाकटी बोलू लागली. "तुमचं खर्चाचं म्हणणं मला समजलं. लहान दवाखान्यांना झेपणार नाही, असंच ना?"

तो हो म्हणाला.

"आजवर लोक मला नाही म्हणायचे, पण का ते कळायचं नाही. त्यामुळे मला उत्तर देता यायचं नाही. आज देता येईल. वेळ आहे तुम्हाला?"

त्या माणसाने फाईल बाकावर ठेवली, सरकून बाबांना बसायला जागा केली आणि त्यांच्या हातांकडे बघत म्हणाला, "बोला."