मुठीवरचा कान

स्वरयंत्रावर गाठ आहे, ती काढावी लागेल आणि नंतर आवाज पहिल्यासारखा होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "दसऱ्यापर्यंत बरा होईल ना?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं असणार, या माणसाला सणाच्या गोडाधोडाची काळजी. त्यांना काय ठाऊक, की आमच्या गावात दसऱ्याला देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा आहे आणि वडील गेल्यापासून तो मी चालवतो. मी पुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने देवीला हाक मारायची, मागणं मागायचं, आणि दर वाक्याला मी थांबलो की जमलेल्या गावाने एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आवाज गेला तर त्या जागी मी उभा राहून करणार काय, या विचाराने माझी झोप उडाली.

माझा आवाज म्हणजे काय चीज होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोटापाण्यासाठी मी मालवणच्या बंदरावर माशांचा लिलाव पुकारायचो. होडी किनाऱ्याला लागायच्या आत माझा पुकारा वरच्या रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जात असे. देवळातही तीच तऱ्हा. गाऱ्हाणं घालताना घंटा मंद वाजतेय असं वाटावं, इतका माझा आवाज घुमायचा आणि त्याची घमेंड मला नव्हती असं मी म्हणणार नाही. बायको दर दसऱ्याला घरी परतताना तेच बोलायची. "देवी काय बहिरी आसा? कित्याक इतक्या आराडतास?" मी म्हणायचो, "अगो, समुद्राची गाज आसा, लोकांची बडबड आसा. मोठ्यान सांगल्याशिवाय तिका कळतला कसा?" यावर ती नुसती पदर तोंडाला लावून हसायची.

शस्त्रक्रियेच्या आधी मी देवळात जाऊन मनातल्या मनात नवस बोललो. देवीच्या हातातली जुनी तलवार खाऱ्या वाऱ्याने पार खाल्ली होती आणि नवी करायला गावच्या मानकऱ्यांचा होकार कधीचाच होता, फक्त कोणी पुढे होत नव्हतं. मी देवीला म्हटलं, तुझ्या हाती मी माझ्या मनासारखी तलवार घडवून देतो. पात्यावर बंदराच्या लाटा असतील, कारण तिथे माझं पोट भरतं. मुठीच्या टोकाला पितळेचा शंख असेल, आणि तो शंख म्हणजे माझा आवाज. तो तू मला परत दे. आता आमच्याकडे बोललेला नवस फेडून होईपर्यंत कोणाला सांगायचा नसतो, सांगितला की तो फुटतो. म्हणून मी हे बायकोलाही सांगितलं नाही.

गाठ निघाली, साधीच होती, देवीची कृपा. पण डॉक्टरांनी मौन सांगितलं. बोलायचं तर नाहीच, कुजबुजायचंसुद्धा नाही. घरात इतकी शांतता आमच्या लग्नानंतर प्रथमच झाली, असं बायको शेजाऱ्यांना सांगत सुटली. मी एका कागदावर तलवारीचं चित्र काढलं आणि एसटी बदलत फोंडाघाटला गेलो. तिथला एक लोहार देवाच्या वस्तू चांगल्या घडवतो, असं ऐकून होतो. कागदावर मी लांबी लिहिली, रुंदी लिहिली, लाटांच्या खाली "लाटा" असंही लिहिलं. पण शंखाच्या खाली काही लिहिलं नाही. शंख लिहिला की तो विचारणार कशाला, मग सांगावं लागणार आणि नवस फुटणार. चित्र तर स्पष्ट आहे, त्यात न कळण्यासारखं काय, असा माझा हिशेब. चित्रकलेत मी शाळेत कधी पास झालो नव्हतो, ते तेवढं विसरलो.

दसरा तोंडावर आल्यावर तलवार आणायला गेलो. लोहाराने कापड बाजूला केलं तर पातं पाहून डोळे निवले. लाटा अशा उठल्या होत्या की बोट फिरवलं तर ओलं होईल. मग मी मूठ पाहिली. तिच्या टोकाला पितळेचा एक चांगला घसघशीत, पाळीसकट कान होता! माणसाचा कान. मी कागद काढून त्याच्या नाकासमोर नाचवला, बोटाने चित्र ठोकलं, शंख फुंकल्याची नक्कल केली. माझी तोंडं पाहून तो आधी घाबरला आणि मग हसायलाच लागला. "तुमी थंय कायच लिवक नाय, दादा. माका कान दिसलो, मी कान काढलय. देवाच्या वस्तूर कान बरो, असा वाटला माका." मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. खरंच सांगतो, कानच दिसत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि ओरडायची सोय नाही. शेवटी तोच म्हणाला, "आता देवीक दाखवा. ती नको म्हणाली तर तोडून दुसरा बसवन देतय."

परतीच्या एसटीत मी तलवार बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टर आला आणि थबकला. "काय आसा ह्यां?" मी घशाकडे बोट दाखवलं, मग आभाळाकडे, मग दोन्ही हात जोडले. त्याचा संशय वाढतच गेला. सगळी गाडी वळून बघायला लागली आणि आता पोलीस ठाण्यावर उतरवतात की काय, या भीतीने मला घाम फुटला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईंनी, गळ्यात क्रूस, मांडीवर केळ्यांची पिशवी, माझी परवानगी न घेता लुगड्याचं टोक उलगडलं. "देवाची वस्त आसा रे ती, दिसना नाय तुका? मनीस मौनात आसा. जा फुडे." आणि कंडक्टर निमूट पुढे गेला. बंदरावर मी ज्यांच्यावर आवाज चढवायचो तेही इतक्या लवकर ऐकत नसत.

मग बाईंचं लक्ष मुठीकडे गेलं. "अरे सायबा, कान!" त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. मी कपाळावर हात मारून दाखवला, चूक झाली म्हणून. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "माझो सख्खो भाव जलमाचो मुको होतो. इगर्जेत पाद्र्याफुडे सगळे गायचे, तो नुसतो बसान रवायचो. माका ल्हानपणी लय वायट वाटायचा, ह्येचा कोण आयकतलो म्हणान. पण तेचा तोंड बघलास तर कळायचा, देवान तेचा आयकलेला आसा." एवढं बोलून त्यांनी मला दोन केळी दिली आणि कसालला उतरून गेल्या. नाव विचारायचं राहिलं, आणि विचारणार तरी कसं?

तरी माझा हट्ट गेला नव्हता. नवस शंखाचा, तर शंखच हवा. दुसऱ्या दिवशी कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, तलवार पायाशी ठेवली. मी हात जोडून उभा होतो आणि मनात एवढंच आलं, आये, ही अशीच चालेल का तुला? गुरवकाका प्रश्न विचारायला घसा खाकरत होते, तोच उजवीकडची पाकळी टपकन खाली आली. काका चिडले. "मी अजून इचारूकच नाय!" त्यांना वाटलं पाकळी नीट चिकटली नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी लावली, रीतसर मोठ्याने विचारलं, आणि तीही उजवीचीच पडली. पण मला दुसरीची गरज उरली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला होता. असं का झालं हे मी कोणाला पटवू पाहत नाही. पाकळी ओली होती, वारा होता, म्हणणारे काहीही म्हणोत. विचारलं होतं ते मी, आणि ओठ न हलवता.

दसऱ्याला तलवार देवीच्या हाती चढली. डॉक्टरांनी हळू बोलायची मुभा दिली होती, पण जो आवाज बाहेर आला तो फाटक्या शिडासारखा, पुढच्या दोन रांगांपलीकडे जाणार नाही असा. मी गाऱ्हाणं सुरू केलं. "गे आये, आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमलेली आसत..." आणि थांबलो. मागे उभ्या असलेल्यांना काही ऐकू गेलं नसणार, पण माझी पाठ थांबलेली त्यांना दिसली आणि "व्हय म्हाराजा!" असा गजर उठला. "चुकला माकला पदरात घे, बारा पाचांच्या मानकऱ्यांचा एक मत कर..." "व्हय म्हाराजा!" मग मी वर पाहिलं. तलवारीच्या मुठीवरचा तो पितळी कान नेमका माझ्याकडे वळलेला होता. पुढचं वाक्य ओठांवर येईना. ते मनातच राहिलं, आणि गाऱ्हाण्यात कधीच नसतं असं ते वाक्य होतं. आये, आवाज परत दिलस नाय तरी चलात.

मी थांबलेला पाहून सगळा गाव एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

मी रडलो, आणि रडता रडता मला हसूही आवरेना. बायको कडेला उभी होती, तिने पदर तोंडाला लावलेला होता, पण या वेळी तीही नुसती हसत नव्हती.

आवाज आजही तसाच घोगरा आहे. बंदरावर आता पुतण्या पुकारतो, मी बाजूला बसून भाव बोलणाऱ्यांची बोटं बघतो, आणि खरं सांगायचं तर त्या कामातही मजा आहे. मागितलेलं मिळालं नाही, असं मला एकदाही वाटलं नाही. रोज संध्याकाळी देवळात जाऊन मी हात जोडून उभा राहतो आणि काहीच बोलत नाही. परवा बायकोने विचारलं, इतका वेळ काय करतास थंय? मी म्हटलं, देवीशी बोलत होतो. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मगे आता समुद्राची गाज मधी येणा नाय मा?"