सासूच्या नावावरचं चालणं

जळगावात आमच्या कॉलनीची जिम मी सांभाळतो. तिथे मशीनं कुठे ठेवायची, हे ठरवायला धुळ्याहून एक गृहस्थ आले. हॉटेलची जिम असो, तालीम असो की कॉलनी, जागा मोजण्याआधी, इथे येणार कोण, हा त्यांचा अहिराणीतला एकच प्रश्न: “आठे कोन येनार शे?” मग ते खडूने ट्रेडमिलचा चौकोन काढून त्यात डोळे मिटून उभे राहायचे. मशीनवर मात्र कधी चढायचे नाहीत.

त्यांनीच सगळी मशीनं भिंतीवरच्या पडद्याला जोडली. कोण किती चाललं, ते नावानिशी वर-खाली दिसू लागलं. समोरच्या अक्कांची सून वर आणि अक्का खाली, असं झालं आणि अक्का यायच्याच बंद झाल्या.

मी फोन करून म्हटलं, पडदा काढा.

“बठ्ठं जमी जाई, भाऊ,” सगळं जमेल, असं म्हणत ते दुपारी आले. पडद्याला त्यांनी हातही लावला नाही. अक्कांच्या नावाने ट्रेडमिल सुरू केली आणि घामाघूम होत चालत राहिले. अक्कांचं नाव सुनेच्या वर गेलं, तेव्हाच उतरले.

नाव वर गेल्याचं कानावर आलं आणि अक्का पुन्हा येऊ लागल्या. हे चांगलं झालं की लबाडी झाली, मला अजून कळत नाही. मी कुणाला बोललो नाही. तरी परवा सून मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, मी कितीही हळू चालले तरी सासूबाईंच्या पुढेच जाते. ते धुळ्याचे काका परत कधी येणार?”