मामांच्या नावाची लाँच

माझ्या सासऱ्यांचं नाव मी आजही लिहिणार नाही. हसायचं तर हसा. माझ्या नाती नवऱ्याला नावाने हाका मारतात, वर 'अरे, ऐक ना' म्हणतात, आणि मी त्यांना काही बोलत नाही. त्यांचं त्यांना लखलाभ. पण आमच्या वेळी सुनेने सासऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही म्हणजे नाही. आमच्या सासऱ्यांचं नाव देवाचं, तर आरतीत तेवढा शब्द आला की मी नुसत्या टाळ्या वाजवायची. असं सगळं नीट चाललं होतं. मग पनवेलच्या बंदरात एक लाँच आली, तिच्यावर वायरलेस बसला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. आमचं घर बंदराच्या वाटेवर, जरा उंचवट्यावर. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा जन्मभर तांडेल, म्हणजे शिडाच्या मचव्यावरचा मुख्य माणूस. पनवेलहून तांदूळ भरून मुंबईला न्यायचा, यात त्यांची हयात गेली. मुलाने आपल्यामागे सुकाणू धरावं एवढी एकच इच्छा. आणि मुलगा, म्हणजे आमचे हे, लढाईच्या दिवसांत घरी न विचारता नौदलात भरती झाले. तिथे वायरलेस शिकले. परत आले तेव्हा मामा एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतरी सासूबाई गेल्या, तेव्हाही नाही.

मी लग्न होऊन आपट्याहून आले तेव्हा हे असं चालू होतं. एकाच पडवीत बसून बाप-लेक माझ्यामार्फत बोलायचे. "त्याला सांग, कौलं सरकली हायत." "बाबांना सांग, रविवारी बघतो." मध्ये तीन हात अंतर नाही आणि मी निरोप्या! आधी मला वाटलं, या घरची रीतच असेल. मग कळलं, कसली रीत, नुसता हट्ट. आणि दोघांचाही एकाच मापाचा.

बाजारातल्या एका कोकणी मुसलमान शेठनी दगड पुरवायचं काम घेतलं होतं. डोंगरातला दगड पडावांत, म्हणजे बिनइंजिनाच्या रुंद होड्यांत भरायचा आणि खाडीतून मुंबईच्या बाजूला न्यायचा; तिकडे कुठे भराव चालला होता. पडाव ओढायला त्यांनी एक जुनी लाँच घेतली आणि आमच्या ह्यांना तिच्यावर नोकरीला ठेवलं. लाँचच्या पुढच्या बाजूला आधीच्या मालकाने देवाचं नाव रंगवलेलं होतं. नेमकं तेच मामांचं. शेठना कुणीतरी विचारलं, नाव बदलणार का? ते म्हणाले, "तौबा! बोटीचं नाव कुणी बदलतं का? रुसून बसेल." मामांना तर कोण आनंद! त्यांना अक्षरओळख जेमतेम, पण आपलं नाव ओळखू यायचं. येता-जाता बंदरावर जाऊन ते वाचून यायचे.

पडाव मागे बांधून खाडीतून ये-जा करायची तर भरती साधावी लागे. भरती चुकली की पडाव गाळात बसणार आणि दिवस फुकट जाणार. लाँच कुठवर आली हे किनाऱ्यावर कळावं म्हणून शेठनी दोन वायरलेस सेट आणले, एक लाँचवर आणि एक पनवेलला. मुंबई बंदरातल्या दोन-चार लाँचवर तसले सेट होते, आमच्या बाजूला हा पहिलाच.

बसवायला मुंबईहून माणूस येणार होता. ह्यांनी सांगितलं, कशाला, मी बसवतो. सुकाणूच्या खोलीत फळी ठोकून तिच्यावर सेट ठेवला, लाटेने घसरू नये म्हणून फळीला कड लावली. खाली बॅटऱ्यांची लाकडी पेटी. डोलकाठीपासून मागच्या खांबापर्यंत एरियलची तार. हे सगळं मामांनी लांबून बघितलं आणि सोसलं. पण अर्थिंगसाठी तांब्याचा पत्रा बोटीच्या पोटाला पाण्याखाली ठोकायचा होता, आणि त्याची तार आत घ्यायला तळाशी भोक पाडायचं होतं. तिथे त्यांचं डोकं फिरलं. "त्याला सांग, चांगल्या बोटीला भोक पाडनारा मानूस मी जन्मात नाय बघला." मी सांगितलं. "बाबांना सांग, त्याशिवाय यंत्र बोलणार नाही." तेही सांगितलं.

ओहोटीला लाँच गाळावर टेकली. हे चिखलात उभे राहून गिरमिटाने भोक पाडायला लागले, आणि मामा काठावर पाठ फिरवून बसले. तार आत गेली. उरलेली फट बुजवायला ह्यांनी हातोडा घेतला, तर ते काही मामांना बघवेना. उठले, धोतर खोचलं, चिखलात उतरले, मुलाच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि कापसाची वात डांबरात भिजवून अशी ठोकली की पाण्याचा थेंब आत येईल तर शपथ. मी चहा घेऊन गेले होते. बापाने मुलाच्या वायरलेसला हात तरी लावला, म्हणून मला इतकं बरं वाटलं की चहा द्यायचाच विसरले.

किनाऱ्यावरचा सेट आमच्या पडवीत आला. तो चालवणार कोण? हे शेठना म्हणाले, घरात माणूस आहे की. माणूस म्हणजे मी. सातवी पास, बस्स. ना कागद, ना परवाना.

ह्यांनी शिकवलं थोडं आणि ओरडले फार. हातात धरायच्या माईकच्या कडेला बटण होतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं, दोन्ही एकदम जमत नाही. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. मी म्हटलं, "म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घ्यावंच लागतं? हे यंत्र या घरात फार आधी यायला हवं होतं." ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आता खरी मेख. हाक मारताना आधी लाँचचं नाव घ्यायचं, मग 'पनवेल बोलतंय' म्हणायचं. मी म्हटलं, मेले तरी घेणार नाही. "अगं, ते बोटीचं नाव आहे!" "असू दे. समोर कोण बसलंय ते बघा." समोर मामा जाळं विणत बसले होते, मान खाली, पण कान इकडे. हे म्हणाले, मग मी जबाबच देणार नाही. म्हटलं, नका देऊ, माझं काय अडलंय! पहिल्या दिवशी 'हॅलो लाँच, हॅलो लाँच' करून माझा घसा सुकला, पलीकडून चूं नाही. बसले असतील गालातल्या गालात हसत. मी सेट बंद केला, पिशवी घेतली आणि बाजारात निघून गेले. संध्याकाळी हे तणतणत घरी आले, "पनवेल कुठे होतं दिवसभर?" "पनवेल मासळी आणायला गेलं होतं," मी म्हटलं, "ओव्हर." त्यानंतर 'हॅलो लाँच'ला मुकाट्याने जबाब मिळायला लागला.

काय दिवस होते ते! सेट तापला की पडवीभर एक गरम वास पसरायचा, सुरुवातीला नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून ह्यांचा आवाज वर यायचा. मी भरतीची वेळ सांगायची, शेठचा निरोप सांगायची. घरात माझ्याशी धड चार वाक्यं न बोलणारा हा माणूस, पण समुद्रावरून विचारायचा, "जेवलीस का? ओव्हर." मी लाजून मामांकडे बघायची. ते जाळ्यात डोकं घालून बसलेले असायचे. पण आवाज यायला उशीर झाला की तेच विचारायचे, "बोलला नाय काय गो तो अजून?"

त्या सकाळी धुकं पडलं होतं. थंडीचे दिवस. लाँच पहाटेच्या भरतीला दगडाचे पडाव घेऊन गेली होती. उन्हं वर आली तरी अंगणातला शेवगा दिसेना. ह्यांचा आवाज आला, "पुढे काही दिसत नाही. आगबोटींचे भोंगे जवळ वाजतायत. हळूहळू बाजूला जातो. ओव्हर." मी म्हटलं, सांभाळून. मग काहीच नाही.

थोड्या वेळाने मी हाक मारली, "हॅलो लाँच, पनवेल बोलतंय." नुसती खरखर. पुन्हा मारली. मुंबई बंदरातल्या सेटवाल्या दोन-चार लाँचही त्या दिवशी धुक्यात सेटला कान लावून बसलेल्या, तेव्हा जबाब आला तो भलत्याचाच. "बोला बाई." मग दुसरा, "कुणाला पाहिजे?" मी म्हटलं, आमची लाँच, दगडाचे पडाव आहेत मागे. तो माणूस म्हणाला, "मघाशी खाडीच्या तोंडावरच्या बेटाच्या बाजूला काहीतरी धडकल्याचा आवाज आला होता. कुठली लाँच तुमची? नाव घेऊन हाक मारा, म्हणजे बाकीचे गप्प राहतील."

मी बटण दाबलं, ओठ हलले, पण नाव काही बाहेर येईना. वेडेपणा म्हणा, पण जन्मभराची सवय अशी एका क्षणात सुटत नाही. मामांनी जाळं खाली टाकलं आणि ते माझ्यासमोर येऊन बसले.

"घे माजं नाव," ते म्हणाले.

"मामा, नको हो."

"घे गो पोरी. बोटीला हाक मारतंस. मोठ्यानं मार."

मी डोळे मिटले आणि घेतलं. नुसतं नाव, मागे 'राव' नाही की काही नाही. बटण सोडलं. खरखर. आणि त्या खरखरीत माझ्यासमोरून हळूच आवाज आला, "ओ."

मी डोळे उघडले. मामा जमिनीकडे बघत होते. मी पुन्हा नाव घेतलं. सेटमधून काही नाही. मामा म्हणाले, "ओ." तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला, तेव्हा ते म्हणाले, "रडू नको. मी देतंय ना ओ! हाक रिकामी जाऊ द्यायची नाय. मारत ऱ्हा तू." मग मी मारतच राहिले. नाव घ्यायची, बटण सोडायची, मामा ओ द्यायचे. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. माझ्या मनात एकच, देवा, आता या म्हाताऱ्याने नाही, पलीकडच्याने ओ देऊ दे.

धुकं विरळ व्हायला लागलं तेव्हा पलीकडून ओ आली. आधी तुटक, मग स्पष्ट. "पनवेल, पनवेल, ऐकू येतंय का? मागचा पडाव येऊन आदळला. खांब मोडला, एरियल पाण्यात गेलं. बांबू बांधून तार लावलीय. माणसं सगळी ठीक आहेत. ओव्हर."

मी तोंडात पदर कोंबून रडायला लागले. तेवढ्यात मामांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला. त्यांनी तो कधी हातात धरला नव्हता. दोन्ही हातांनी तोंडाशी नेला आणि बोलायला लागले.

"आलास काय रे सोन्या? लागलं नाय ना कुठं? तू लढाईवर गेलास ना, तवा मी रोज बंदरावर जाऊन बसायचो. लोकांना सांगायचो, भरती बघतंय. कसली भरती आन कसलं काय! तुजी वाट बघायचो. आन तू आलास तवा माजं तोंडच उघडलं नाय. तुजी आय गेली तवा पन नाय. येवडी वर्सं..."

मध्येच सेटमधून ह्यांचा आवाज आला, "पनवेल, काहीच ऐकू येत नाही. बोला. ओव्हर."

मामांनी बटण दाबलंच नव्हतं.

मी डोळे पुसले, पुढे झाले, आणि त्यांचा अंगठा माझ्या बोटाने बटणावर दाबून धरला. "आता बोला मामा, आता जाईल."

मामा दचकले. "म्हंजे मगाचं गेलं नाय?"

"नाही."

त्यांनी खाकरून घसा साफ केला. पाठ ताठ केली. आणि म्हणाले, "सकाळची भरती गेली. आता सांजच्या पान्याला ये. आन पडावाचा दोर नीट बांध, गाढवा. ओवर."

मी बोट काढलं. खरखरीतून अगदी बारीक आवाज आला, "हो बाबा. ओव्हर."

मामांनी माईक माझ्या मांडीवर ठेवला आणि बोट रोखून म्हणाले, "मगाचं त्याला सांगायचं नाय." मी मान हलवली. हो म्हटलं, शपथ घे म्हणाले असते तर शपथही घेतली असती. आणि संध्याकाळी हे मागल्या दारी पायावर पाणी घेत होते, तेव्हा शब्दन् शब्द सांगून टाकला. इतकी वर्षं कौलांचे आणि मिठाचे निरोप पोचवले, तर एवढा एक का गिळायचा?

हे तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. मग ओल्या पायांनी पडवीत गेले. मी दाराआडून बघत होते. मामांनी वर बघितलं, माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, आणि चटईवर थोडे सरकले. हे बसले.

"खांब कुठनं मोडला?" मामांनी विचारलं.

"बुडाशी, बाबा."

"सडला असंल. उद्या बघू दोघं."

मग दोराचं निघालं, मग धुक्याचं, मग मामांच्या मचव्यावरचं कुठलं तरी जुनं धुकं निघालं. भात गार व्हायला लागला. मी जेवायला चला म्हणून दोनदा हाक मारली. दोघांनाही ऐकू आली नाही.