सगळ्यात मागची मोटरसायकल

पहाटे साडेतीनला शिवदास उठला, कारण त्याच्या मोटरसायकलची चार्जिंगची पाळी तेव्हा आली होती. महाबळेश्वरच्या त्या लॉजवर गाड्यांना चालतील असे प्लग दोनच होते. आधी पाहुण्यांच्या गाड्या, सगळ्यात शेवटी शिवदासची. त्याने कानांना मफलर गुंडाळला, केबल ओढत नेली, खटका दाबला. दिवा लागला. थोड्या वेळाने वीज गेली ती उजाडेपर्यंत आली नाही.

कांदिवलीहून निघायचं, बदामी बघायची आणि परत यायचं, अशी ही सफर. सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत रुचिराचा गाळा आहे. ती अशा गाड्या भाड्याने देते, हौशी लोकांना लांबलांब घेऊन जाते. शिवदास तिच्याकडे गाड्या धुवायला आणि चार्ज करायला होता. त्याआधी सगळी उमर रिक्षा. कंबर गेली तशी रिक्षा सुटली. या खेपेला रुचिराने त्याला शेवटचा स्वार म्हणून घेतलं होतं. शेवटच्या स्वाराचं काम एवढंच, की आपल्यातलं कोणी त्याच्या मागे राहता कामा नये. कोणी फोटोला थांबला की यानेही थांबायचं. सगळे जेवायला बसले की याने गाड्या सावलीत लावायच्या आणि मग बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण दिवसभर दुसऱ्याच्या वेगाने चालणं किती दमवतं, ते केल्याशिवाय कळत नाही.

सफर नीट पार पडली तर हे काम कायमचं, असं रुचिरा म्हणाली होती. पगार वाढणार होता. शिवदासची बायको नंदा तीन घरची धुणीभांडी करायची. त्यातलं एक घर चौथ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही, आणि नंदाचे गुडघे सुजलेले. शिवदासने तिला निघतानाच सांगितलं होतं, परत आलो की ते घर सोड.

"आधी पक्कं होऊ द्या," नंदा म्हणाली होती. "तुमच्या बोलण्यावर जिना उतरले तर मलाच परत चढायला लागेल."

हा परतीचा, शेवटचा दिवस होता. सकाळी रुचिराने त्याच्या गाडीच्या बॅटरीचा आकडा बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"काका, जेमतेम आहे. पण पुढे बहुतेक उतारच आहे. गाडी चालू ठेवून उतरलात की उतारावर बॅटरी थोडी भरते. तेवढ्यावर महाडच्या चार्जरपर्यंत पोचाल."

"माहीत आहे."

माहीत होतंच. गाळ्यात त्याने हे दहा जणांना समजावलं होतं. घाटाच्या तोंडाशी जयवंतलाही सांगितलं. जयवंत मुलुंडचा, बँकेतून निवृत्त झालेला, सगळ्यात हळू चालवणारा. सफरभर शिवदासने त्याचीच पाठ बघितली होती.

"उतारावर काय करायचं हो?" जयवंतने विचारलं.

"गाडी चालू ठेवायची, रेस सोडायची. बाकी गाडी बघून घेते."

"तुम्ही मागे आहात ना?"

"जातोय कुठे, साहेब?"

घाट सुरू झाला. रात्रीची झोप अर्धी, कंबर आखडलेली. वळणामागून वळण, आणि पुढे जयवंतचं लाल जाकीट. मुंबईचा रिक्षावाला उड्डाणपुलाच्या माथ्यावर आला की इंजिन बंद करतो. उतार फुकटचा, त्यावर गॅस कशाला जाळायचा? शिवदासने हे इतकी वर्षं केलं होतं, की त्यासाठी त्याला विचार करावा लागत नव्हता. पहिला लांब उतार आला, अंगठा हँडलवरच्या लाल खटक्यावर गेला, गाडी बंद झाली. मध्ये चढ आला तेव्हा त्याने चालू केली. उतार आला, पुन्हा बंद. वाचवतोय, एवढंच अंगाला कळत होतं. सगळा भार ब्रेकवर आला होता. खाली पोलादपूरला पोचला तेव्हा जळका वास येत होता, आणि बॅटरीचा आकडा वाढायच्या ऐवजी थोडा उतरलाच होता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पण घाट काही परत उतरायला मिळत नाही.

महाडच्या अलीकडे गाडी थांबली. जयवंत आरशात बघून परत आला.

"तुम्ही पुढे व्हा, साहेब."

"आणि तुमच्या मागे कोण आहे?"

"माझ्या मागे कोणी नसतंच."

"मग मी आहे आता," असं म्हणत जयवंत खाली उतरला. "बायको म्हणतेच, तू कायम शेवटचा. आज जरा पदवी मिळू दे."

जयवंतने रुचिराला फोन लावला. मग जयवंतची गाडी कडेला कुलूप लावून ठेवली आणि दोघं शिवदासची गाडी ढकलू लागले. जयवंत हातांनी ढकलत होता, लगेच धापा टाकायला लागला. शिवदासने त्याला मागून सीटला मांडी लावायला सांगितलं, हात नुसते ठेवायचे. ऊन वर आलं. पुढचा धाबा दिसत होता, पण जवळ येत नव्हता. शिवदासच्या कमरेतून कळ पायापर्यंत उतरली. तो ढकलत राहिला.

बाकीच्या गाड्या महाडला थांबवून रुचिरा सामानाचा टेम्पो घेऊन मागे आली. तिने मोबाईलवर गाडीची नोंद बघितली, मग पुढच्या ब्रेकची डिस्क बघितली. डिस्क तापून निळी पडली होती.

"घाटात बंद केली होती?"

"हो."

"का, काका?"

"हात गेला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रस्त्याकडे बघत राहिली. "शेवटचा माणूस अडकला तर त्याला उचलायला मी कोणाला ठेवू?"

"मी होतो की," जयवंत म्हणाला.

"तुम्ही पैसे भरून आलाय, काका."

गाडी टेम्पोत चढवली. शिवदास केबिनमध्ये बसून घरी आला. रुचिराने त्याला काढलं नाही, पक्कंही केलं नाही. पुढच्या सफरीला पुन्हा बघू, म्हणाली. स्वाराच्या चुकीने जे बिघडेल ते स्वाराने भरायचं, हा नियम पहिल्या सकाळी चारकोपला पाहुण्यांना शिवदासनेच ऐकवला होता. म्हणून तिने विषय काढायच्या आधीच तो म्हणाला, "माझ्यातून कापा."

नंदाने सगळं ऐकून घेतलं. तिने गुडघ्यांना तेल चोळलं आणि बाटलीचं झाकण लावलं.

"बरं झालं, चौथ्या मजल्यावरच्या बाईला मी काही बोलले नाही," ती म्हणाली.

सकाळी ती चौथ्या मजल्याच्या कामावर गेली. शिवदास गाळ्यात गेला, चाक काढलं, जुनी डिस्क उतरवली आणि नवी बसवली. ब्रेकचे पॅडही बदलले. सफरीची त्याची मजुरी त्यातच गेली.