कुपवाडची लेडी

उंब्रजच्या मानसिंगने सैन्यात अठरा वर्षं घोड्यांना नाल ठोकली. निवृत्त होऊन तो गावी आला. मग सातारा-सांगलीत कुणाचं घोडं लंगडलं, की त्याचा फोन वाजायचा.

कुपवाडच्या यशराजने त्याला असंच बोलावून घेतलं. यशराजचा तिथे लेथचा कारखाना होता आणि घोडागाडीच्या शर्यतींचं वेड. त्याने पुण्याहून एक घोडी आणली होती. उंच, तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा. कागदांवर नाव लेडी मार्लो, जन्म इंग्लंडचा. तिथे दोन शर्यती पळून ती तिसऱ्या वर्षी विमानाने इकडे आली, आणि पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर चार वेळा पहिली आली. सातव्या वर्षी पुढच्या उजव्या पायाची शीर सुजली, तसं मालकाने तिला विकून टाकलं.

मानसिंगने तो पाय उचलून मांडीवर घेतला आणि अंगठा दाबला. लेडीने कान मागे पाडले.

"यशराज, हिला डांबरावर पळवू नगं. शीर तुटंल."

"एकच शर्यत, मामा. मग चरू दे की निवांत. तुमी नाल ठोका."

मानसिंगला नाही म्हणता आलं असतं. पण असं जनावर त्याने सैन्यातही पाहिलं नव्हतं, आणि ते पळताना बघायची हाव त्यालाही होती. त्याने चारही पायांना नाल ठोकली.

शर्यत रविवारी सकाळी, माळावरच्या रस्त्यावर झाली. दोन घोडागाड्या सुटल्या; लेडीची यशराज स्वतः हाकत होता. सायलेन्सर काढलेल्या पंचवीस-तीस मोटरसायकली दोन्ही बाजूंनी ओरडत निघाल्या. त्यातल्या एकीवर मानसिंग मागे बसला होता. पहिला मैलभर लेडी अशी धावली, की तो सीटवरून अर्धा उठून बघू लागला. मग दुसरी गाडी बरोबरीला आली. तिच्या हाकणाऱ्याने लेडीच्या तोंडावर काठी हाणली. यशराजने चाबूक काढला. चाबकाच्या टोकाला तार होती. लेडीच्या पुठ्ठ्यावरून रक्त उडून त्याच्या शर्टावर पडलं. चाकं एकमेकांत अडकली, गाडी उलटली आणि लेडी पुढच्या पायावर कोसळली. घोट्यातून हाड बाहेर आलं.

यशराज खरचटलेला उठला आणि पडलेल्या घोडीला मारत सुटला. "ऊठ! ऊठ म्हंतो न्हवं!"

मानसिंगने त्याच्या हातातून चाबूक हिसकला आणि त्याच्याच तोंडावर ओढला. पहिल्या फटक्याला गाल फाटला, दुसऱ्याला डोळा गेला. यशराज हात जोडून खाली बसला, तरी मानसिंगचा हात थांबला नाही. अखेर यशराजच्या माणसांनी लोखंडी पाइपाने त्याचं उजवं मनगट ठेचलं, तेव्हा चाबूक गळून पडला.

तासाभराने जनावरांचे डॉक्टर आले. घोडी वाचणार नव्हती. इंजेक्शन देताना मानसिंगने डाव्या हाताने तिचं डोकं धरून ठेवलं.

पोलिसांपुढे त्याने काही लपवलं नाही. "पाय अधू हाय, हे ठावं असून नाल मीच ठोकली. त्येचा डोळाबी मीच फोडला." यशराजवर घोडीच्या छळाचा, मानसिंगवर मारहाणीचा, असे दोघांवर खटले झाले. मानसिंगला दोन वर्षांची शिक्षा झाली.

तो सुटून आला, पण मनगट कामाचं राहिलं नव्हतं. मग बायकोनेच, शालूबाईनेच, हातोडी उचलली. आता महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांचे पाय ती धरते, मानसिंग शेजारी बसून खिळा कुठे घालायचा ते सांगतो.

कुणी म्हणतं, "बरं केलंत मामा, असल्याला तसंच पायजे."

"काय बरं केलं?" मानसिंग म्हणतो. "त्यो हात जोडत हुता. मला दिसत हुतं."

गेल्या महिन्यात एका घोडेवाल्याने लंगडणारी तट्टाणी आणली. गर्दीचे दिवस होते. शालूबाईने पाय दाबून पाहिला आणि खाली सोडला.

"हिला महिनाभर बसवून ठिवा. मी न्हाई ठोकायची."

घोडेवाला शिव्या घालत तट्टाणीला ओढत निघाला. ती उठून रस्त्यात त्याच्या आडवी उभी राहिली, हातोडी हातात तशीच.